एका म्यानांत दोन तलवारी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी म्हण आपल्या भाषेंत आहे. एका घरांत दोन कर्ते झाले, एका शाळेंत दोन मुख्याध्यापक झाले, किंवा एका दुकानाच्या गल्ल्यावर दोन मालक बसले, कीं काय होतें हें सर्वांच्या परिचयाचें असल्यामुळें ही म्हण सिद्ध करून दाखविण्याची कोणास गरज वाटत नाहीं. संगणकाच्या राज्यांतही आरंभीं ती खरीच होती. एका यंत्रावर एका वेळीं एकच कारभारी असावयाचा. दुसरा आणावयाचा तर पहिल्यास बाहेर काढून यंत्र नव्यानें सुरू करावें लागे. परंतु साठ वर्षांपूर्वीं कांहीं चतुर मंडळींनीं एक युक्ति योजिली, आणि त्या युक्तीमुळें एका म्यानांत दोनच काय, पण चौदा तलवारी बिनबोभाट राहूं लागल्या. ती युक्ति कोणती, ती कोणीं योजिली, आणि मराठी घरांच्या कपाटांत पडून असलेल्या तीस वर्षांपूर्वींच्या लिखाणाशीं तिचा काय संबंध आहे, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम हा कारभारी कोण तें पाहूं. संगणक म्हणजे केवळ पडदा आणि कळफलक नव्हे. त्याच्या पोटांत हिशेब करणारी चिप असते, कामापुरतें लक्षांत ठेवणारी स्मृति असते, आणि कायमचें लिहून ठेवणारी चकती असते. ही सामग्री एकच, पण तिचे मागणारे अनेक. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम चकतीवर जागा मागतो, जमाखर्चाचा कार्यक्रम स्मृतींत जागा मागतो, आणि गाणें वाजविणारा कार्यक्रम चिपेचा वेळ मागतो. कोणास काय, किती आणि केव्हां द्यावें हें ठरविणारा जो मुख्य कार्यक्रम, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स आणि ॲपलची मॅक ओएस हीं तिचीं सर्वपरिचित उदाहरणें होत.

या कारभाऱ्याचा अधिकार नुसत्या शब्दावर चालत नाहीं. त्याची तजवीज चिपेंतच केलेली असते. चिपेला समजणाऱ्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. बेरीज करा, दोन संख्यांची तुलना करा, हीं अक्षरें इकडून तिकडे न्या, या साध्या आज्ञा. त्या कोणत्याही कार्यक्रमानें द्याव्या. घड्याळाची घंटा बदला, चकती चालवा, स्मृतीची वांटणी नव्यानें करा, या राखीव आज्ञा. त्या एकट्या कारभाऱ्यानेंच द्यावयाच्या. शाळेंत विद्यार्थी आपल्या वहींत हवें तें लिहूं शकतो. पण मधल्या सुटीची घंटा त्यानें वाजवूं म्हटलें, तर शिपाई त्याचा हात धरून त्यास मुख्याध्यापकांपुढें उभा करतो. चिपही तेंच करते. साध्या कार्यक्रमानें राखीव आज्ञा दिली कीं ती आज्ञा पाळली जात नाहीं, आणि सारा मामला कारभाऱ्यापुढें येतो.

आतां युक्ति पाहूं. घरांत एक कारभारी आहे. त्याच घरांत दुसऱ्या कारभाऱ्यास आणावयाचें आहे. पण त्यास गादीवर न बसवितां साध्या कार्यक्रमाप्रमाणें एका खोलींत ठेवावयाचें आहे. पहिल्यास यजमान म्हणूं, दुसऱ्यास पाहुणा म्हणूं. पाहुण्याला मात्र आपण पाहुणे आहों याची वार्ताही नाहीं. तो आजवर जेथें जेथें राहिला तेथें तेथें मालक म्हणूनच राहिला. तेव्हां येथेंही तो त्याच थाटांत हुकूम सोडूं लागतो. त्याच्या साध्या आज्ञा चिप तत्काळ पाळते. राखीव आज्ञा त्यानें दिली, कीं चिप त्याचा हात धरते आणि त्यास यजमानापुढें उभा करते.

येथें यजमानानें त्यास हांकलून दिलें, तर गोष्ट संपलीच. परंतु यजमान तसें करीत नाहीं. तो पाहुण्याची मागणी शांतपणें वाचतो. चकतीच्या दहाव्या भागावर अमुक अक्षरें लिहावीं, अशी ती मागणी असली, तर यजमान आपल्या चकतीवरील एक मोठी फाइल उघडतो, तिच्या दहाव्या भागांत तीं अक्षरें लिहितो, आणि काम झालें असें पाहुण्यास कळवून त्यास पुन्हां त्याच्या जागीं बसवितो. पाहुण्याची समजूत अशी, कीं आपल्या मालकीची एक सबंध चकती आहे. वस्तुतः ती यजमानाच्या कपाटांतील एक फाइल असते. घड्याळाचें तेंच, पडद्याचें तेंच, कळफलकाचेंही तेंच. मुंबईच्या चाळींतील पोटभाडेकरूला आपण पोटभाडेकरू आहों हें रोज सकाळीं नळावर कळत असे. या पोटभाडेकरूला तें कधींच कळत नाहीं. कारण त्याच्या नळाला पाणी येतें, त्याचा दिवा लागतो, आणि टपालही त्याच्याच नांवावर येतें. पाहुणा आपलें संपूर्ण राज्य चालवितो, आणि तें राज्य यजमानाच्या पडद्यावर एका चौकटींत मावतें.

ही फसवणूक साधते कशी, याचा थोडा विचार केला पाहिजे. कार्यप्रणालीला यंत्र डोळ्यांनीं दिसत नाहीं. तिला एवढेंच ठाऊक असतें, कीं अमुक आज्ञा केली असतां अमुक उत्तर येतें. तेव्हां प्रत्येक आज्ञेला बरोबर तेंच उत्तर देणारा कोणी भेटला, तर त्याच्यांत आणि खऱ्या यंत्रांत तिला फरक करतां येत नाहीं. यंत्र म्हणजे तिच्या दृष्टीनें उत्तरें देण्याचा एक ठरलेला करार होय. तो करार पाळणारा पोलाद आणि वाळूचा बनलेला असो, कीं दुसऱ्या यंत्रांतील एखादा कार्यक्रम असो, करार पाळला जातो तोंपर्यंत सारें ठीक चालतें. या विषयाचें मर्म एवढेंच आहे. पुढील सारा इतिहास म्हणजे हा करार कोणीं किती चोख पाळला याची हकीकत होय.

ही युक्ति प्रथम अमेरिकेंत निघाली, आणि ती निघाली गरजेपोटीं. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें सिस्टीम ३६० नांवाच्या संगणकांची मालिका जाहीर केली. हीं यंत्रें खोलीएवढीं मोठीं आणि अतिशय महाग असत. एका माणसाला एक यंत्र देणें ही गोष्ट स्वप्नांतही येण्यासारखी नव्हती. म्हणून एका यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची सोय हवी होती. यासाठीं एक अवाढव्य कार्यप्रणाली रचावी, आणि तिनें सर्वांचे हट्ट एकटीनें पुरवावे, असा सरळ विचार त्या काळीं प्रबळ होता. कंपनीनें त्या दिशेनें मोठा उद्योग आरंभिला. पण तें काम लांबत गेलें आणि समाधानकारक उतरलें नाहीं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें त्याच कंपनीची एक लहानशी शास्त्रीय शाखा होती. तेथें रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं थोड्या मंडळींनीं निराळा मार्ग धरला. त्यांनीं असें ठरविलें, कीं प्रत्येक माणसास एकेक संपूर्ण काल्पनिक यंत्र द्यावें, आणि त्या काल्पनिक यंत्रावर एकाच माणसापुरती लहान, सोपी कार्यप्रणाली चालवावी. एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक एका चुलीवर करून रोज भांडण्यापेक्षां प्रत्येकास वेगळी चूल मांडून द्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

त्यांची ही व्यवस्था सी.पी.-४० या नांवानें ओळखली जाते. मुद्दाम फेरफार केलेल्या एका यंत्रावर जानेवारी १९६७ पासून ती नित्याच्या वापरांत आली, आणि एका वेळीं चौदा काल्पनिक यंत्रें ती चालवीत असे. प्रत्येकाची स्मृति २५६ किलोबाइट, म्हणजे आज खिशांतील फोननें काढलेल्या एका छायाचित्रासही पुरणार नाहीं एवढी. त्याच वर्षीं सी.पी.-६७ ही सुधारलेली आवृत्ति आली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजीं कंपनीनें व्ही.एम.-३७० या नांवानें ती अधिकृतपणें जाहीर केली. तिचा वंश अद्यापि चालू आहे. कंपनीच्या आजच्या मोठ्या यंत्रांवर झेड-व्ही.एम. या नांवानें तो नांदत आहे. मोठी कार्यप्रणाली मागें पडली आणि घाईघाईचा वाटणारा लहानांचा उद्योग टिकला, ही गोष्ट शाळामास्तरांनीं मुलांना सांगण्यासारखी आहे.

पुढें १९७४ सालीं जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन विद्वानांनीं या व्यवस्थेचें शास्त्र लिहून काढलें. त्यांच्या मतें पाहुणचार खरा ठरावयास तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पाहुण्याचें वर्तन खऱ्या यंत्रावर होतें तसेंच राहिलें पाहिजे. सामग्रीवरील अंतिम ताबा यजमानाकडेच राहिला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा यजमानाच्या मध्यस्थीवांचून थेट चिपेनेंच पार पाडल्या पाहिजेत, नाहीं तर सारें काम रखडेल. हें साधण्यासाठीं चिपेची घडणही तशी हवी. यंत्राच्या अधिकारास स्पर्श करणारी जी जी आज्ञा असेल, ती कनिष्ठानें दिली असतां हटकून पकडली गेली पाहिजे. एकही आज्ञा निसटतां कामा नये.

घरगुती संगणक आले तेव्हां नेमकें येथेंच घोडें अडलें. इंटेल कंपनीच्या ज्या चिपांवर जगांतील बहुसंख्य घरगुती यंत्रें चालत, त्यांत कांहीं आज्ञा अशा होत्या, कीं कनिष्ठानें दिल्या असतां त्या पाळल्याही जात नसत आणि पकडल्याही जात नसत. यंत्राच्या कामांत बाहेरून येणारे व्यत्यय तूर्त बंद ठेवा, असें सांगण्याची एक रीत त्यांपैकींच होती. पाहुणा तसें सांगे. चिप गप्प बसे. पाहुण्याला वाटे, दार लावलें. दार तर उघडेंच राहिलेलें. पेंटियम चिपेंत अशा सतरा आज्ञा आहेत, असें २००० सालीं दोन संशोधकांनीं मोजून दाखविलें. राजरोस नकार देणाऱ्या माणसाशीं व्यवहार जमतो. होय किंवा नाहीं यांपैकीं कांहींच न बोलणाऱ्याशीं तो जमणें कठीण.

या अडचणींतून वाट काढली ती कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं. मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं व्हीएमवेअर नांवाची कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षीं, १९९९ सालीं, तिचा पहिला माल विक्रीस आला. त्यांनीं असें केलें, कीं पाहुण्याच्या कारभारी आज्ञा चिपेकडे जाण्यापूर्वींच वाचावयाच्या, त्यांत एखादी निसटणारी आज्ञा आढळली तर तिच्या जागीं दुसरी बिनधोक आज्ञा लिहावयाची, आणि मग तो कागद पुढें पाठवावयाचा. मुलाचें पत्र टपालांत पडण्यापूर्वीं वडिलांनीं वाचून पाहावें, तसें हें झालें. या योगें लिनक्सच्या यंत्रावर एका चौकटींत विंडोज आणि विंडोजच्या यंत्रावर एका चौकटींत लिनक्स असे साध्या कार्यक्रमासारखे चालूं लागले. युक्ति लोकप्रिय झाल्यावर चिपा करणाऱ्यांनाही शहाणपण आलें. इंटेलनें २००५ सालीं आणि ए.एम.डी. कंपनीनें २००६ सालीं पाहुण्यांसाठीं चिपेंतच स्वतंत्र सोय करून दिली.

येथवर सांगितला तो फसविलेला पाहुणा. याहून निराळा, समजूतदार पाहुणाही आहे. लिनक्स ही कार्यप्रणाली फिनलंडांतील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिली. पुढें ती अनेक जातींच्या चिपांवर चालूं लागली. प्रत्येक नव्या चिपेसाठीं तिचा थोडा भाग नव्यानें लिहावा लागे. १९९९ सालीं जेफ डाइक या अमेरिकन कार्यक्रमलेखकानें विचार केला, कीं लिनक्सला चिपेवर बसविण्याऐवजीं लिनक्सवरच बसविलें तर? म्हणजे यजमान लिनक्स हीच जणूं एक नवी चिप आहे, असें धरून पाहुण्या लिनक्सचा तो थोडा भाग लिहावयाचा. त्यानें तसें केलें, आणि त्या कृतीचें नांव यूझर मोड लिनक्स असें ठेविलें. हा पाहुणा कोणास फसवीत नाहीं आणि स्वतःही फसत नाहीं. आपण दुसऱ्याच्या घरांत आहों हें तो जाणतो. घड्याळाची घंटा हवी असेल तर यजमानाकडे रीतसर मागून घेतो, आणि आपली चकती म्हणजे यजमानाची फाइल आहे हेंही त्याला ठाऊक असतें. यासाठीं चिपेची विशेष कृपा लागत नाहीं. २००२ सालीं लिनक्सच्या मूळ ग्रंथांतच या भागाचा समावेश झाला.

या समजूतदार पाहुण्याचा मोठा उपयोग शिकणाऱ्यांना झाला. खऱ्या यंत्राच्या कार्यप्रणालींत फेरफार करतांना एक चूक झाली, तर सारें यंत्र बंद पडतें आणि चकतीवरील लिखाणही जाण्याचें भय असतें. पाहुण्यांत चूक झाली, तर एक कार्यक्रम तेवढा बंद पडतो. यजमान जागचा हालत नाहीं. पाहुण्याच्या चकतीची फाइल आधींच नकलून ठेविली असली, तर ती पुन्हां जागेवर ठेवावी आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. ज्या वस्तूचें नुकसान परवडत नाहीं ती वस्तु मुलांच्या हातीं कोणी देत नाहीं. हातीं न दिलेली वस्तु मुलें शिकत नाहींत. कार्यप्रणाली या युक्तीनें पाटीसारखी झाली: लिहावी, चुकावी, पुसावी आणि पुन्हां लिहावी.

आतां या युक्तीची दुसरी बाजू पाहूं, आणि तीच आपल्या घरांशीं अधिक निगडित आहे. यंत्रें मरतात. चकत्या झिजतात, चिपा बनणें बंद होतें, जुन्या सांध्यांना नवीं यंत्रें जागा ठेवीत नाहींत. पण यंत्र म्हणजे उत्तरें देण्याचा करार, हें एकदां समजलें, म्हणजे मेलेल्या यंत्राचा करार नव्या यंत्रानें पुढें चालवावा, हें ओघानेंच आलें. नव्याची चिप जुन्याहून निराळ्या भाषेची असली, तर मध्यें एक दुभाष्या कार्यक्रम बसवावा लागतो; तो प्रत्येक आज्ञेचें भाषांतर करतो. काम मंद चालतें, पण चालतें. आणि नवीं यंत्रें इतकीं वेगवान आहेत, कीं जुन्याची गति गांठण्यास अशी मंद चालही पुरते.

याचें अत्यंत बोलकें उदाहरण इंग्लंडांत घडलें. विजेता विल्यम या राजाच्या आज्ञेनें १०८६ सालीं त्या देशाच्या जमिनींची आणि जमीनधारकांची जी मोजदाद झाली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला नऊशें वर्षें झालीं त्या निमित्तानें १९८६ सालीं बी. बी. सी. या संस्थेनें देशाची नवी मोजदाद केली. तींत दहा लाखांवर लोकांनीं भाग घेतला, आणि त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. आपल्या गांवाचें वर्णन, छायाचित्रें, नकाशे असें सारें त्यांनीं जमविलें, आणि तें मोठ्या प्रकाश-तबकड्यांवर सांठविण्यांत आलें. त्या तबकड्या वाचण्यासाठीं खास वाचकयंत्र आणि खास जोडणीचा संगणक लागे. सोळा वर्षें झालीं नाहींत तोंच तीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि दहा लाख माणसांचें काम मुकें होण्याची वेळ आली. १०८६ चें चर्मपत्र मात्र कोणाही लॅटिन जाणणाऱ्यास वाचतां येत होतें. शेवटीं लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनीं त्या जुन्या यंत्राचा करार पाळणारा एक कार्यक्रम तयार केला, आणि डिसेंबर २००२ मध्यें तो साध्या संगणकावर चालवून दाखविला. यंत्र मेलें होतें. पण त्याचें वर्तन ठाऊक असलेलीं माणसें जिवंत होतीं, म्हणून हें साधलें. ही अट विसरतां येत नाहीं.

महाराष्ट्रांत अशी मोजदाद झाली नाहीं. पण अशा मुक्या तबकड्या घरोघरीं आहेत. १९९० नंतरच्या दशकांत पुण्यामुंबईच्या छापखान्यांतून शिशाचे खिळे गेले आणि संगणकावरील जुळणी आली. त्या वेळच्या घरगुती यंत्रांत मराठी अक्षरांची सर्वमान्य सोय नव्हती. म्हणून निरनिराळ्या अक्षरसंचकारांनीं अशी तोड काढली, कीं रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृति बसवावयाच्या. एकानें क ज्या क्रमांकावर बसविला, तेथें दुसऱ्यानें वेलांटी बसविली. युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत देवनागरीला १९९१ सालींच जागा मिळाली होती, पण ती सोय घरगुती यंत्रांत येऊन रुळेपर्यंत पुढें बरींच वर्षें गेलीं. मधल्या काळांत किती कादंबऱ्या, किती कुलवृत्तांत, किती संस्थांचीं इतिवृत्तें आणि किती प्राध्यापकांचे प्रबंध या तोडीनें जुळविले गेले, त्यास गणती नाहीं. आज ती फाइल नव्या यंत्रावर उघडली, तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाचोळा दिसतो. लिखाण नाहींसें झालेलें नसतें. तें वाचणारें घर नाहींसें झालेलें असतें. तो अक्षरसंच हवा, तो जुळणीचा कार्यक्रम हवा, आणि तो कार्यक्रम ज्या विंडोज ९५ वर किंवा ९८ वर चाले ती कार्यप्रणालीही हवी. त्या काळचे पुष्कळ कार्यक्रम सोळा बिटांचे. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते सुरूच होत नाहींत.

अशा वेळीं पाहुणचाराची युक्ति कामास येते. क्वेमू आणि व्हर्च्युअलबॉक्स यांसारखे यजमान कार्यक्रम आज विनामूल्य मिळतात. त्यांच्या चौकटींत जुनी विंडोज पाहुणी म्हणून बसवावी, तिच्यांत जुना जुळणीचा कार्यक्रम आणि जुना अक्षरसंच बसवावा, आणि फाइल उघडावी. पानें पुन्हां मराठींत दिसूं लागतात. मग त्या अक्षरसंचासाठीं केलेला रूपांतर-कार्यक्रम मिळवून मजकूर युनिकोडमध्यें आणावा. येथें घाई करूं नये. जोडाक्षरें, रफार आणि पहिली वेलांटी या ठिकाणीं रूपांतर हमखास चुकतें. म्हणून एका चौकटींत जुनें पान आणि शेजारीं नवें पान ठेवून ओळीनें ओळ ताडून पाहावी. पाहुणी कार्यप्रणाली ही येथें साक्षीदार आहे. रूपांतर झालें म्हणून तिला लगेच निरोप देऊं नये.

या कामांत अडचणी आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. जुन्या जुळणीच्या कार्यक्रमांबरोबर पुष्कळदां एक लहान कुलूप येई. तें यंत्राच्या छपाईच्या सांध्यांत बसवावें लागे, आणि तें नसलें तर कार्यक्रम चालत नसे. नव्या यंत्रांना तो सांधाच नाहीं. यजमान पाहुण्याला काल्पनिक चकती देऊं शकतो. पण त्या खऱ्या कुलपाचें काल्पनिक कुलूप त्यास सहज करतां येत नाहीं. म्हणून जुनें यंत्र चालूं स्थितींत असेल तोंपर्यंतच त्याच्यावरून मजकूर बाहेर काढणें हा उत्तम मार्ग होय. शिवाय पाहुण्या कार्यप्रणालीचा परवाना आपल्यापाशीं असला पाहिजे. घर काल्पनिक असलें तरी भाडेचिठ्ठी खरीच लागते.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. जुन्या विंडोजची देखभाल तिच्या कर्त्यांनीं केव्हांच सोडली. विंडोज ९८ ची २००६ सालीं आणि विंडोज एक्सपीची २०१४ सालीं. अशी पाहुणी इंटरनेटला जोडणें म्हणजे रात्रीं दाराला कडी न लावतां झोपणें होय. तिचा बाहेरचा मार्ग बंदच ठेवावा. पाहुण्याच्या खोलीच्या भिंतीही अभेद्य असतात असें समजूं नये. मे २०१५ मध्यें क्वेमूच्या काल्पनिक फ्लॉपी यंत्रांत एक भोंक सांपडलें. त्यांतून पाहुण्यानें यजमानाच्या घरांत शिरणें शक्य होतें. तें भोंक २००४ सालापासून तेथें होतें. फ्लॉपी वापरणारे लोक जवळजवळ उरले नव्हते. पण करार पुरा पाळावयाचा म्हणून तें काल्पनिक यंत्र प्रत्येक खोलींत ठेविलेलें होतें, आणि त्याकडे कोणी पाहत नव्हतें. घरांतील ज्या खिडकीकडे कोणी पाहत नाहीं, तीच चोराला सोयीची.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती ॲपल कंपनीच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. २००१ सालीं त्या कंपनीनें मॅक ओएस एक्स ही अगदीं नवी कार्यप्रणाली आणली. जुन्या कार्यप्रणालीवरचे कार्यक्रम लोकांच्या हातीं भरपूर होते. म्हणून नव्या प्रणालीच्या पोटांत जुनी मॅक ओएस ९ ही एका कार्यक्रमासारखी चालविण्याची सोय केली, आणि तिचें नांव क्लासिक ठेविलें. लोक समाधानानें दोन्ही घरांत वावरूं लागले. पण २००६ सालीं इंटेलच्या चिपांचीं नवीं यंत्रें आलीं, त्यांत क्लासिक नव्हतें. आणि ऑक्टोबर २००७ च्या आवृत्तींत तर तें कोठेंच उरलें नाहीं. पाहुणा यजमानाच्या मर्जीवर जगतो. यजमान बदलला, कीं पाहुण्यास नवें घर शोधावें लागतें. आणि तें शोधणारें कोणी नसलें, तर तो दाराबाहेर राहतो.

यावरून घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं एक बोध घ्यावा. ज्या घरांत जुना संगणक माळ्यावर पडून आहे, त्यानें तो भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्याच्या चकतीची संपूर्ण नक्कल, फाइल निवडून नव्हे तर आरंभापासून शेवटपर्यंत, एखाद्या जाणत्याकडून काढून घ्यावी. तेवढी एक नक्कल असली, म्हणजे यजमान पुढें कितीही बदलले तरी पाहुण्याला पुन्हां बसवितां येतें. अक्षरसंचाचें नांव, जुळणीच्या कार्यक्रमाचें नांव आणि आवृत्ति एका कागदावर शाईनें लिहून त्या नकलेबरोबर ठेवावी. ज्यांनीं तो मजकूर जुळविला तीं माणसें हयात असतील, तर त्यांना आजच विचारून घ्यावें; इंग्लंडांतील तबकड्या वांचल्या त्या जाणतीं माणसें वेळेवर भेटलीं म्हणून. आणि मजकूर युनिकोडमध्यें आला, ताडून झाला, कीं त्याची एक प्रत कागदावर छापून बांधून ठेवावी. कागदाला यजमान लागत नाहीं. तो उघडावयास दोन हात आणि अक्षरओळख पुरते.

एका म्यानांत दोन तलवारी राहतात, हें साठ वर्षांच्या अनुभवानें सिद्ध झालें आहे. मात्र म्यान तयार करणाऱ्यानें दुसरी तलवार मोडीत जाण्यापूर्वीं हातीं घेतली पाहिजे. आजोबांनीं जुळविलेला कुलवृत्तांत ज्या चकतीवर आहे, ती चकती अद्याप फिरत असेल, तर या रविवारीं ती एखाद्या जाणत्याकडे न्यावी.